नमुना सात

वर्धा जिल्ह्यात तलाठी पुष्कळ झाले आणि पुढेही पुष्कळ होतील. पण नागपूरच्या संग्रहालयाने सरकारी टपालाने पत्र पाठवून ज्याला समक्ष बोलावून घेतलं, असा तलाठी आजवर एकच. तो मी! हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकीकत वाचल्यावर तुम्ही ते कबूल करणार नाही.

साल त्र्याऐंशी. समुद्रपूर तालुक्यात नेरीखेडा नावाचं गाव माझ्या साझ्यात, म्हणजे माझ्या हद्दीत, होतं. सरकार मला तलाठी म्हणायचं, पण गाव अजून पटवारीच म्हणायचं आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नसे. पीकपाहणीच्या निमित्ताने वावरा-वावरांतून पायपीट करायची, तेव्हा मान खाली घालून चालायची मला सवय लागली आणि त्यातून दगड गोळा करायचा नाद लागला. जवळच गिरडची टेकडी. तिथे सुपारीएवढे, जायफळाएवढे गोल गरगरीत दगड सापडतात. एका व्यापाऱ्याचा माल टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबांच्या शब्दाने दगड झाला, असं लोक सांगतात. मला शास्त्रीय कारण हवं होतं. ते मिळालं नाही, पण दगड मात्र घरभर झाले.

माझी बायको पद्मा या दगडांना केरासोबत बाहेर काढायची आणि मी परत आत आणायचो. असं आमचं सुरळीत चाललं होतं. अशात गावातले शेतकरी बबनराव यांच्या वावरात विहिरीचं खोदकाम निघालं. पंधरा हातांवर जो थर लागला, त्यातल्या दगडांवर शिंपले, काड्या आणि कसले कसले ठसे होते. त्यातले अकरा दगड मी निवडून घेतले. एकावर तर अख्खं पान उमटलेलं होतं, शिरांसकट! मी तडक एक तक्ता तयार करून नागपूरच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाला पाठवून दिला. अनुक्रमांक एक ते अकरा, लांबी, रुंदी, वजन, वर्णन आणि शेवटी चतुःसीमा. दगडाला चतुःसीमा नसते हे मलाही कळतं, पण रकाना मोकळा सोडणं माझ्या स्वभावात नाही.

आता हा सगळा खटाटोप कशासाठी, ते खरं सांगतो. माझे सासरे सदाशिवराव, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, हे वर्ध्याचे सेवानिवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पद्मासाठी एक प्राध्यापक पाहून ठेवला होता. तो अमेरिकेला निघून गेला म्हणून माझा नंबर लागला. लग्नाला बारा वर्षं झाली तरी नाना आले की चहाचा कप हातात घेऊन विचारायचे, "मग जावईबापू, नवीन काय?" आणि माझ्याकडे नवीन काही नसायचं. शेतसाऱ्याची वसुली आणि कपाशीवरची बोंडअळी यात मुख्याध्यापकाला सांगण्यासारखं काय असणार? बारा वर्षांत एकदा तरी या माणसाची मान माझ्याकडे बघून कौतुकाने हलावी, एवढीच माझी इच्छा होती.

आणि दोन महिन्यांनी पत्र आलं. संग्रहालयाचे अभिरक्षक, म्हणजे तिथले प्रमुख, यांच्या सहीचं. मजकूर असा: "आपला तक्ता मिळाला. नमुना ७ घेऊन समक्ष यावे. स्वीकारण्यात आल्यास काचपेटीत फलक लावून त्यावर नाव देण्यात येईल."

नाव! काचेत! मी ते पत्र पद्माला तीनदा वाचून दाखवलं, सुनीतीकडून, म्हणजे माझ्या दहा वर्षांच्या मुलीकडून, दोनदा वाचून घेतलं आणि नानांना त्याच दिवशी कार्ड टाकलं की पुढल्या रविवारी नागपूरला यायचं, जावयाचं नाव लागणार आहे.

इथे थोडा खुलासा करायला हवा. तुमच्यासाठी नमुना म्हणजे कापडाचा तुकडा, किंवा गल्लीतला एखादा चमत्कारिक माणूस. तलाठ्यासाठी नमुना म्हणजे दप्तर. गाव नमुना एक, गाव नमुना दोन, असे थेट एकवीसपर्यंत. त्यातला नमुना सात म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे त्याचा कागद. त्याला पिकांचा नमुना बारा जोडला की झाला सातबारा! मला झोपेतून उठवून 'नमुना सात' म्हटलं तरी हात दप्तराकडे जाईल. त्यामुळे पत्र वाचताच मी मनात म्हटलं, वा, काय शिस्तीचं खातं आहे! दगड नंतर, आधी तो कुणाच्या जमिनीतून निघाला त्याचा पुरावा. सरकारी काम असंच व्हायला हवं. मी बबनरावांच्या सर्व्हे नंबर त्रेचाळीसचा उतारा सुवाच्य अक्षरात उतरवला, 'खरी नक्कल' असा शिक्का मारला आणि खाली सही ठोकली.

हे कोतवालाने पाहिलं. कोतवालाने पाहिलं म्हणजे गावाने पाहिलं. दिवे लागायच्या आत बबनराव दारात उभे.

"साहेब, माह्या वावराचा सातबारा नागपूरले कोणाले पाह्यजे?"

आता मी सरळ सांगायला हवं होतं. पण पत्र खिशात होतं आणि माणूस थोडा हवेत होता. मी म्हटलं, "वरून मागणी आलीय, बबनराव. फार मोठं काम आहे. काळजी करू नका, सगळं रीतसर होईल."

सरकारी माणूस 'काळजी करू नका' म्हणाला की शेतकऱ्याला रात्रभर झोप लागत नाही, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर कळायला हवं होतं. बबनराव निघून गेले. रविवारी सकाळी आम्ही निघालो तर हे आपली बैलबंडी जुंपून हजर! धुवट धोतर, नवी टोपी, आणि मागे बंडीत त्यांची बायको अनुसयाबाई, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन. आम्हीही येतो म्हणाले. मला वाटलं, यांना माझ्या सन्मानाला हजर राहायचं आहे. माझा ऊर भरून आला आणि मी त्यांना पुढे बसायला सांगितलं.

समुद्रपूरला येष्टी पकडली. जांबच्या फाट्यावर नाना वर्ध्याहून येऊन उभेच होते. बसमध्ये चढल्या चढल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दगड घेतलेत का? मी हसलो. म्हटलं, नाना, सरकारी काम आहे, आधी कागद जातो. नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं आणि नागपूर येईपर्यंत बाहेरच पाहत राहिले. बबनरावांनी मात्र वाटेत एकदाही गाठोडं सोडू दिलं नाही. अनुसयाबाई भाकर घ्या म्हणाल्या तर म्हणाले, निकाल लागू दे आधी.

संग्रहालय, म्हणजे गावच्या भाषेत अजबबंगला, छान होतं. दारातच पेंढा भरलेलं अस्वल उभं, आत बाटल्यांमध्ये साप, भिंतीवर फुलपाखरं. सुनीती प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होती आणि नाना त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने टिपून घेत होते. अस्वलापासून मगरीपर्यंत त्यांना चौदा सापडल्या. मी रिकाम्या काचपेट्या शोधत होतो. खिडकीजवळच्या एका पेटीवर उजेड चांगला पडत होता, ती मी मनातल्या मनात घेऊन टाकली. बबनराव कशाकडेही पाहत नव्हते. त्यांना फक्त साहेब कुठे बसतो ते हवं होतं.

अभिरक्षक बारीक अंगाचे, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी आम्हा सगळ्यांना आत घेतलं, खुर्च्या कमी पडल्या म्हणून स्वतः उभे राहिले. टेबलावर एक लाकडी पेटी होती, आत स्वच्छ कापूस अंथरलेला आणि पुढे चिठ्ठीवर मोठ्या आकड्यात सात. एका कागदासाठी कापूस! महसूल खात्यात अशी कदर मी कधी पाहिली नव्हती.

"नमुना आणलात?" त्यांनी विचारलं.

"आणलाय. ताजा आहे."

"ताजा?" ते जरा गोंधळले. "तो काही कोटी वर्षांचा असावा असा माझा अंदाज होता."

मला वाटलं, हा शहरी विनोद असेल. मी म्हटलं, "नाही हो, परवाच काढलाय. माझ्या हाताने."

"काढताना फुटला तर नाही ना?"

"छे! फक्त घडी घातलीय."

"घडी?"

मी खिशातून सातबारा काढला आणि अलगद कापसावर ठेवला. अभिरक्षक त्या कागदाकडे पाहत राहिले. भिंग उचललं, परत ठेवलं. आणि तेवढ्यात बबनराव एकदम हात जोडून उभे राहिले.

"साहेब, मले पैसा नको, दुसरी जागा नको. वावर मी देत नाई. तुमचा अजबबंगला तुमी दुसरीकडं बांधा."

अनुसयाबाईंनी डोळ्याला पदर लावला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा माणूस माझ्या सन्मानाला नाही, आपली जमीन वाचवायला आला आहे! अभिरक्षकांना बिचाऱ्यांना काहीच कळेना. त्यांनी बबनरावांना खाली बसवलं, पाणी दिलं, आणि आपण कोणाचीही जमीन मागितलेली नाही, असं चार वेगवेगळ्या वाक्यांत सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण तुम्ही हा उतारा का आणलात?"

"तुम्हीच मागितलात. नमुना सात."

"अहो, नमुना सात म्हणजे तुमच्या तक्त्यातला सातव्या क्रमांकाचा दगड. पान उमटलेला."

मी तुम्हाला काय सांगू! त्या खोलीत भुसा भरलेलं एक घुबड होतं, तेसुद्धा माझ्याकडे बघतंय असं मला वाटलं. मी घाईघाईने म्हटलं, दगड सुरक्षित आहे, घरीच आहे, पुढच्या रविवारी घेऊन येतो. तेवढ्यात पद्माने हळूच विचारलं, "अहो, सातवा म्हणजे तो चपटा का? पानाचा?"

"हो."

"तो मी लिंबाच्या लोणच्यावर दाबायला ठेवलाय."

अभिरक्षकांनी डोळे मिटून घेतले. पद्मा सांगू लागली की मध्ये ताटली आहे, दगड स्वच्छ धुतलेला आहे, लोणच्याला काही होणार नाही. पण त्यांना लोणच्याची काळजी नसावी. मी नानांकडे पाहण्याचं टाळत होतो. तरी आवाज आलाच.

"साहेब, नमुना आणला नाही असं म्हणू नका," नाना शांतपणे म्हणाले. "आम्ही वर्ध्याहून आणि समुद्रपुराहून मिळून एक घेऊन आलो आहोत."

पद्मा हसली. सुनीती हसली. अनुसयाबाईंना काही कळलं नव्हतं, पण जमीन वाचल्याच्या आनंदात त्याही हसल्या. बारा वर्षांनी नानांची मान माझ्याकडे बघून हलली होती, पण मी जशी मागितली होती तशी नाही.

पण थांबा, डाव अजून संपला नव्हता. अभिरक्षक उतारा वाचत होते आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा खुलत गेला. म्हणाले, लोक ढिगाने दगड आणून देतात, पण ते नेमके कुठले हे कुणाला सांगता येत नाही. इथे मौजा आहे, सर्व्हे नंबर आहे, विहीर दाखवलेली आहे. शास्त्राच्या दृष्टीने हा कागद दगडाएवढाच मोलाचा आहे. मी नानांकडे पाहिलं. नाना घुबडाकडे पाहत होते. मला वाटलं, आता वेळ आली! मी खाकरून म्हटलं, "मग फलकावर माझं नाव..."

"नाव दात्याचं लागतं. ज्याची वस्तू, त्याचं," ते म्हणाले आणि त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "तुम्हीच खरी नक्कल म्हणून लिहून दिलंय. भोगवटादार, नत्थूजी गोविंदाजी. हे तुम्ही का?" त्यांनी बबनरावांना विचारलं.

"तो माहा बाप. गेला तो, नऊ वर्षं झाले," बबनराव म्हणाले. जमिनीची भीती गेल्यावर त्यांची जीभ मोकळी झाली होती. "म्या हरसाल या साहेबाले सांगून राह्यलो, नाव फिरवा म्हून. हे म्हणते, करतो."

सगळेजण माझ्याकडे वळले. मी म्हटलं, वारसाचा फेरफार विचाराधीन आहे. नऊ वर्षं विचार करायला तो फेरफार काही फार अवघड नव्हता, हे नानांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. अभिरक्षक म्हणाले, आपण कागदाप्रमाणेच लिहू, फेरफार झाला की नवा उतारा आणा, फलक बदलता येईल. झालं! माझ्याच सहीने आणि माझ्याच शिक्क्याने मी माझं नाव काचेबाहेर काढलं होतं.

पुढच्या रविवारी दगड पोचवला. आम्ही तिघं आणि लोणच्याच्या वासाचा एक डबा. अभिरक्षकांनी दगड हातात घेतला, नाकाजवळ नेला आणि हळूच कापसावर ठेवला. पान मात्र शाबूत होतं. मी घरी येऊन ताबडतोब फेरफार करणार होतो, अगदी शपथेवर सांगतो. पण पेरण्या आल्या, मग पीकपाहणी आली, मग वसुली आली.

दिवाळीनंतर पत्र आलं की फलक लावला आहे. मी जाणार नव्हतो. पण नाना आपण होऊन आले, सुनीतीला शाळेत सांगायचं होतं, आणि बबनराव तर म्हणाले की बंडी पहाटेच जुंपतो. परत तीच वरात नागपूरला गेली.

पेटी खिडकीजवळचीच होती. उजेडात ते पान असं दिसत होतं की आत्ताच कुठल्या झाडावरून गळून पडलंय. खाली पांढऱ्या फलकावर काळ्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं. सुनीतीने वाचलं: "पर्णठसा. मौजा नेरीखेडा, तालुका समुद्रपूर, सर्व्हे नंबर ४३. दाते: नत्थूजी गोविंदाजी. मार्फत: तलाठी."

नाना चष्मा सारखा करून काचेपर्यंत वाकले. बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "शुद्धलेखन बरोबर आहे."

मी म्हटलं, नाना, मार्फत तलाठी म्हणजे मीच. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं की उद्या माझी बदली झाली तर हा तलाठी कोण?

बबनरावांना वाचता येत नव्हतं. ते सुनीतीला म्हणाले, "पोरी, बापाचं नाव परत वाच."

तिने परत वाचलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग अनुसयाबाईंना बोट धरावं तसं मनगटाला धरून जवळ आणलं आणि अक्षरं कुठून कुठपर्यंत आहेत ते दाखवलं. "माह्या बापानं जन्मात नागपूर पाह्यलं नाई," ते म्हणाले. "जाईन म्हणे, जाईन म्हणे, आन् राहूनच गेलं." अनुसयाबाईंनी काचेसमोर वाकून नमस्कार केला. शेजारी एक कुटुंब मगर पाहत होतं, ते इकडे आलं. त्यांनी विचारलं, हे कोण नत्थूजी? आणि बबनरावांनी सांगायला सुरुवात केली. विहीर, पंधरा हात, दगड, बाप, सगळं. शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाले, "हे आमचे पटवारी साहेब. यायनं आणलं इथं." खरं सांगतो, त्या क्षणी काचेत माझं नाव नाही हे मी विसरून गेलो. छाती अशी फुगली की कोटाचं वरचं बटण ताणलं गेलं. मी ठरवूनच टाकलं की उद्या सकाळी कार्यालय उघडताच पहिलं काम बबनरावांचं, नऊ वर्षांची बाकी एका दिवसात संपवायची.

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना तसं सांगितलंही, मुद्दाम मोठ्याने, नानांना ऐकू जाईल असं. "बबनराव, उद्याच तुमचा फेरफार करून टाकतो. वडिलांचं नाव कमी, तुमचं दाखल."

बबनराव जागीच थांबले. "नाई साहेब, तसं नका करू. सातबाऱ्यावरून उतरलं तं त्या काचेतूनबी उतरन. ते साहेब म्हणलेच होते."

मी समजावलं की पुढे अडचण येईल, पोरांना त्रास होईल. ते म्हणाले, येऊ दे, पोरं पाहून घेतील. मग माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "तुमचे लय उपकार झाले. नऊ वर्षं म्या तुमाले बोल लावला. तुमी काम केलं असतं तं बापाचं नाव आज तिथं राह्यलं नसतं."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझे मनापासून आभार मानले गेले ते त्या एकाच कामाबद्दल, जे मी केलं नव्हतं. आणि तेही नानांच्या देखत!